पोटातला गोळा कसला? नववीच्या विज्ञान प्रकल्पाच्या नोंदी

८ सप्टेंबर

तालुकास्तरीय विज्ञान प्रदर्शनासाठी यंदा नववीच्या पाच विद्यार्थ्यांसोबत शरीराच्या ‘लढा किंवा पळा’ प्रतिसादावर प्रकल्प करायचे आज नक्की झाले. विषय मी सुचवलेला नाही. गेल्या आठवड्यात अंतःस्रावी ग्रंथी शिकवत असताना, संकटाच्या वेळी अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनलिन स्रवते एवढे सांगून मी पुढच्या ग्रंथीकडे वळणार तोच एका विद्यार्थिनीने विचारले, “बाई, घाबरलं की पोटात गोळा येतो म्हणतात, तो गोळा कसला असतो?” मला वर्गात नीट उत्तर देता आले नाही. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली, जेमतेम चार-पाच ग्रॅम वजनाची ग्रंथी आणि पोटातला गोळा यांचा संबंध मलाही पाठ्यपुस्तकाच्या पलीकडे कधी तपासावासा वाटला नव्हता. तोच धागा धरून भीतीचे मराठी वाक्प्रचार गोळा करावेत आणि प्रत्येकामागे शरीरात काय घडते ते शोधावे, असे ठरले.

कामाला हात घालण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून ठेवत आहे. कोणत्याही मुलाला मुद्दाम घाबरवायचे नाही. मोजमापात भाग घेण्यासाठी पालकांची लेखी संमती घ्यायची, आणि नको वाटल्यास कोणत्याही क्षणी उठून जाण्याची मुलाला मुभा असायची. नोंदवहीत नावे न लिहिता फक्त क्रमांक लिहायचे.

१३ सप्टेंबर

मुलांनी घरोघरी विचारून त्रेचाळीस वाक्प्रचार आणले. एकाच अर्थाचे एकत्र केल्यावर तीसच्या आसपास उरले: घशाला कोरड पडणे, तोंडचे पाणी पळणे, हातपाय गार पडणे, पांढराफटक पडणे, अंगावर काटा येणे, दरदरून घाम फुटणे, हातापायांत कापरे भरणे, काळजाचा ठोका चुकणे, डोळे विस्फारणे, पोटात गोळा येणे, बोबडी वळणे, दातखीळ बसणे, पाय जमिनीला खिळणे. रागाचे वाक्प्रचार वेगळ्या पानावर लिहिले, कारण प्रतिसादाच्या नावात ‘लढा’ आधी येतो आणि मुठी आवळणे, नाकपुड्या फुगणे, दातओठ खाणे हे त्याच तयारीचे दृश्य रूप आहे.

‘पाचावर धारण बसणे’ हा वाक्प्रचार मुलांनी श्वासाच्या खात्यात घातला होता. धारण म्हणजे श्वास धरून ठेवणे, असा त्यांचा तर्क होता. मराठीच्या सरांनी तो दुरुस्त केला. धारण म्हणजे धान्याचा बाजारभाव. शरीराशी त्याचा संबंध नाही. यादीतून काढला. शब्द ओळखीचा वाटला म्हणून अर्थही माहीत आहे असे समजू नये, हे मुलांना यातून समजले, आणि पुढे शरीराच्या बाबतीतही ही सवय उपयोगी पडेल असे वाटते.

१९ सप्टेंबर

आज दोन तासिका फक्त मार्ग समजून घेण्यात गेल्या. मुलांना समजले ते त्यांच्याच आकृतीवरून येथे लिहून ठेवते.

डोळ्यांनी किंवा कानांनी टिपलेला धोका मेंदूतील अमिग्डाला या बदामाच्या आकाराच्या केंद्रापर्यंत पोचतो. तेथून अधश्चेतकाला (हायपोथॅलॅमस) आणि मस्तिष्कस्तंभाला इशारा मिळतो, आणि मज्जारज्जूच्या छातीच्या व कमरेच्या वरच्या भागातून निघणाऱ्या, शरीराला संकटासाठी सज्ज करणाऱ्या अनुकंपी चेतातंतूंमधून संदेश बाहेर पडतो. यांपैकी बहुतेक तंतू पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना असलेल्या चेतागुच्छिकांच्या, म्हणजे चेतापेशींच्या पुंजक्यांच्या, साखळीत थांबतात. तेथे संदेश दुसऱ्या चेतापेशीच्या हाती दिला जातो आणि ती पेशी तो हृदयापर्यंत, बुबुळापर्यंत, आतड्यांपर्यंत किंवा केसांच्या मुळांपर्यंत नेऊन पोचवते. काही तंतू मात्र वाटेत न थांबता थेट अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यापर्यंत जातात. हा गाभा म्हणजे मुळात चेतासंस्थेचाच एक तुकडा असून, त्याच्या पेशी पुढे तंतू पाठवण्याऐवजी आपला स्राव थेट रक्तात सोडतात. माणसात या स्रावाचा सुमारे ऐंशी टक्के भाग ॲड्रेनलिन असतो व बाकीचा बहुतांश नॉरॲड्रेनलिन.

म्हणजे एकच निरोप दोन वाटांनी जातो. चेतातंतूचा निरोप ठरावीक घराच्या दारावर थाप मारून दिला जातो आणि तो क्षणात पोचतो. ग्रंथीचा निरोप दवंडीसारखा रक्तासोबत गावभर फिरतो. त्याला थोडा वेळ लागतो, पण जिथे चेतातंतू फारसे जात नाहीत तिथेही तो ऐकू जातो, आणि रक्तातले ॲड्रेनलिन दोन-तीन मिनिटांत निम्मे होत असले तरी भीती टिकली तर ग्रंथी ते पुन्हा पुरवत राहते. मुलांची पक्की समजूत होती की सर्व काही ॲड्रेनलिनच करते. तसे नाही. दचकल्यावर पहिल्या एक-दोन ठोक्यांत जे घडते त्यात ॲड्रेनलिनला पोचायलाही वेळ मिळालेला नसतो.

विद्यार्थी क्रमांक ५ ने एक शंका काढली, ती या दिवसातील सर्वांत चांगली गोष्ट. एकच ॲड्रेनलिन त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळते आणि स्नायूंतल्या रक्तवाहिन्या सैल करते, हे कसे? याचे उत्तर १९४८ साली अमेरिकी औषधशास्त्रज्ञ रेमंड आल्क्विस्ट यांनी सुचवले होते: निरोप एकच असला तरी तो घेणारे ग्राही दोन प्रकारचे असतात. अल्फा ग्राही असलेल्या वाहिन्या आवळतात, तर बीटा ग्राही हृदयाला वेग देतात आणि श्वासनलिका व स्नायूंकडे जाणाऱ्या वाहिन्या रुंद करतात. त्याचे समाधान झाले, पण त्याने लगेच घामाचे विचारले. घाम हा खरोखरच अपवाद आहे, कारण घर्मग्रंथींकडे जाणारे तंतू अनुकंपी असले तरी ते शेवटी इतर बहुतेक अनुकंपी तंतूंसारखे नॉरॲड्रेनलिन न सोडता ॲसिटिलकोलिन हे वेगळे रसायन सोडतात. तळहाताला घाम आणि त्याच वेळी त्वचा गार, असे एकत्र घडू शकते ते त्यामुळे. उन्हातल्या घामात त्वचा लाल व उष्ण असते. भीतीचा घाम फुटतो तो गार पडलेल्या हातावर.

२६ सप्टेंबर

पोटातल्या गोळ्याचा शोध आज लागला, आणि तो शोध मुलांना वॉल्टर कॅनन यांच्या मांजरांपर्यंत घेऊन गेला.

कॅनन हार्वर्डमध्ये वैद्यकाचे विद्यार्थी होते तेव्हा क्ष-किरणांचा शोध लागून वर्ष-दीड वर्षच झाले होते. मांजरांच्या अन्नात बिस्मथचे क्षार मिसळून ते क्ष-किरणांच्या पडद्यावर जठराची हालचाल पाहत असत. जठरावरून एकामागून एक लाटा सरकताना दिसत. पण मांजर अस्वस्थ झाले, चिडले किंवा सुटायची धडपड करू लागले की त्या लाटा थांबत, आणि ते शांत झाले की पुन्हा सुरू होत. दुसऱ्या एखाद्याने हा प्रयोगातला व्यत्यय समजून सोडून दिला असता. कॅनन यांनी मात्र तो व्यत्यय हाच अभ्यासाचा विषय केला. १९११ साली त्यांनी व त्यांचे सहकारी दे ला पाझ यांनी, कुत्र्याच्या भुंकण्याने घाबरलेल्या मांजराचे, अधिवृक्क ग्रंथीजवळच्या शिरेतून घेतलेले रक्त आतड्याच्या स्नायूच्या एका पट्टीवर वापरून पाहिले. शांत असताना घेतलेल्या रक्तात ती पट्टी लयीत आकुंचन पावत राही. घाबरल्यानंतरच्या रक्तात ती सैल पडून स्तब्ध होई. भीतीच्या वेळी त्या ग्रंथीतून काहीतरी रक्तात उतरते याचा हा पुरावा होता. १९१५ च्या ग्रंथात त्यांनी वेदना, भूक, भीती आणि क्रोध यांच्या वेळी होणारे शारीरिक बदल एकत्र मांडले, आणि लढणे किंवा पळणे ही जोडी त्यांच्याच लेखनातून रूढ झाली.

पचन थांबण्याचा हेतू हिशेबाचा आहे. विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फिरवते आणि त्यातला सुमारे चौथा हिस्सा आतडी व यकृताकडे जातो. स्नायूंच्या वाट्याला पंधरा-वीस टक्केच येतात. जीव तोडून पळताना हृदयाकडून फिरणारे रक्त वीस लिटरांपर्यंत जाऊ शकते आणि त्यातले चार पंचमांश स्नायू घेतात. पाटाचे पाणी एका वाफ्यात वळवायचे तर दुसऱ्या वाफ्याचे बारे बंद करावे लागते, हे आमच्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही. पोटाचे बारे बंद होते, त्वचेचे बंद होते आणि पाण्याचा लोट मांड्यांकडे, दंडांकडे वळतो. जठराच्या लाटा थांबणे, तिथले रक्त आटणे आणि पोटाच्या भिंतीचे स्नायू ताठरणे या सर्वांची मिळून जी जड, आवळल्यासारखी जाणीव होते, तिला आपल्या लोकांनी गोळा म्हटले. प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीने आकृतीत जठराजवळ स्वतःच्या हाताने ‘गोळा’ लिहिले.

‘तोंडचे पाणी पळणे’ याच्या खाली मात्र सावधपणे लिहायला सांगितले आहे. पातळ लाळ सुटण्याचे काम मुख्यतः परानुकंपी, म्हणजे विश्रांतीच्या वेळी शरीर सांभाळणाऱ्या, चेतातंतूंचे आहे आणि भीतीत त्यांचा आवाज दबतो. अनुकंपी तंतूंमुळे थोडी, दाट, चिकट लाळ सुटतच राहते. म्हणून पाणी पळते, पण चिकटा राहतो, आणि जीभ टाळूला चिकटते.

४ ऑक्टोबर

मोजमापाची चाचणी फसली. जर्मनीतल्या ट्रायर विद्यापीठात १९९३ साली बसवलेली एक पद्धत आहे: लोकांसमोर उभे राहून बोलायचे आणि मग १०२२ मधून १३ वजा करत मोठ्याने मागे मोजत जायचे, चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. तिचा गणिताचा तेवढा भाग आम्ही घेतला आणि वेळ दोनच मिनिटांची ठेवली, कारण वर्गासमोर पाढे म्हणण्यापेक्षा तो फार अवघड नाही आणि त्यात भीती दाखवणे नाही. साधने म्हणजे नाडी मोजण्यासाठी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, मोबाईलमधले घड्याळ आणि प्रयोगशाळेतला साधा तापमापक.

क्रमांक १ आणि २ चे आकडे नीट आले. क्रमांक ३ च्या वेळी, ती ९८३ वरून ९७० वर येऊन ९५८ म्हणाली, पुन्हा १०२२ पासून सुरू करावे लागले, आणि तेवढ्यात ऑक्सिमीटरच्या पडद्यावर आकड्यांऐवजी आडव्या रेघा आल्या. सेल बदलले, तरी रेघाच. तोच ऑक्सिमीटर माझ्या बोटाला लावल्यावर नाडी ८४ दाखवू लागला. बोट बदलून पाहिले, नखाला रंग नव्हता, तरी उपयोग नाही. वहीत ‘यंत्र विश्वासार्ह नाही, दुसरे मिळवावे’ असे लिहून काम थांबवले.

६ ऑक्टोबर

परवाची नोंद चुकीची आहे आणि ती खोडण्याऐवजी तशीच ठेवत आहे. यंत्र बिघडलेले नव्हते.

ऑक्सिमीटर बोटाच्या आरपार लाल व अवरक्त प्रकाश सोडतो आणि प्रत्येक ठोक्याबरोबर बोटात वाढणाऱ्या-घटणाऱ्या रक्तावरून नाडी मोजतो. बोटात रक्ताची ती ये-जाच मंदावली तर त्याला मोजायला काही उरत नाही. रात्री हे सुचल्यावर आज क्रमांक ३ ला विचारून, तिची तयारी असल्यामुळे, तोच प्रयोग पुन्हा केला. या वेळी मनगटावर तिची नाडी मी स्वतःच्या बोटांनी धरली होती. पडद्यावर पुन्हा रेघा आल्या, आणि माझ्या बोटांखाली तिची नाडी मिनिटाला ११६ च्या वेगाने, एरवीपेक्षा जोरकस लागत होती. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरलेला तापमापक सत्तावीस अंशांवर आला होता. मनगट धडधडत होते आणि चार बोटे पुढे रक्त पोचत नव्हते. ‘हातपाय गार पडणे’ हा वाक्प्रचार मी आयुष्यभर वापरला, पण तो असा हातात धरून कधी पाहिला नव्हता.

वीस मिनिटे ती मैत्रिणींशी बोलत बसल्यावर बोटे बत्तीस अंशांवर आली आणि ऑक्सिमीटरने निमूटपणे नाडी ८२ दाखवली. परवा पाऊस होता व ती भिजून आली होती, त्यामुळे गारठ्याचाही वाटा असू शकतो. आज ऊन होते आणि खोली तीच होती. तरी यापुढे प्रत्येकाला आधी वीस मिनिटे खोलीत बसवूनच सुरुवात करायची.

१८ ऑक्टोबर

पाचही जणांची मोजमापे प्रत्येकी दोनदा पूर्ण झाली. पाच मुलांवरून सरासरी काढून काही सिद्ध करायचे नाही, हे तक्त्यावर ठळक लिहायचे आहे. तरीही आकड्यांत तीन गोष्टी डोळ्यांत भरतात.

पहिली अशी की नाडी गणिताने वाढलेली नाही. ‘आता तुझी पाळी’ एवढे म्हटल्याबरोबर ती वाढली, आणि प्रत्यक्ष वजाबाकी सुरू झाल्यावर चौघांची थोडी उतरली. शरीर संकटाला नव्हे, संकटाच्या चाहुलीला उत्तर देते. वाघ अंगावर आल्यावर तयारी करून काय उपयोग?

दुसरी गोष्ट वेगाची. नाडी दोन-तीन ठोक्यांत उसळते, बोटे मात्र दोन-तीन मिनिटे हळूहळू गार होत जातात आणि सगळे संपल्यावरही बराच वेळ गारच राहतात. बोटांच्या बाबतीत कारण साधे आहे: रक्त अडले तरी मांसातली ऊब निघून जायला वेळ लागतो. हृदयाचे कारण अधिक सुंदर आहे. सर्व चेतातंतू तोडलेले हृदय आपल्या स्वतःच्या तालात मिनिटाला सुमारे शंभर ठोके देते. आपण शांत बसलेलो असताना ते सत्तर-ऐंशीवर असते याचे कारण मेंदूतून आलेली व्हेगस ही परानुकंपी चेता त्याला सतत आवरून धरत असते. भीतीच्या पहिल्या क्षणी कोणी हृदयाला चाबूक मारत नाही. धरलेला कासरा सैल होतो, एवढेच. अनुकंपी तंतूंचा जोर त्यानंतर काही सेकंदांनी चढतो आणि ॲड्रेनलिन त्याच्याही मागून येते. हे हाताने पडताळता येते म्हणून मुलांना एकमेकांची मनगटे धरून सावकाश श्वास घ्यायला लावला: श्वास आत घेताना कासरा सैल होतो आणि नाडी किंचित भरभर लागते, सोडताना तो आवळतो आणि ती संथ होते. लांब उच्छ्वास टाकल्याने जीव खाली बसतो असे म्हणतात, त्याचा एक आधार इथे आहे.

तिसरी गोष्ट क्रमांक ५ ची. वजाबाकीच्या वेळी त्याची बोटे तसूभरही गार झाली नाहीत. तो ७०० च्याही खाली सहज उतरला. मग त्याच्याच सूचनेवरून त्याला वर्गासमोर गाणे म्हणायला सांगितले. दुसऱ्या कडव्याला तापमापक चार अंशांनी उतरला होता. भीती गणितातही नसते आणि गाण्यातही नसते. अमिग्डालाकडे ज्याची जशी नोंद, तसा इशारा. हे तक्त्यावर कसे दाखवायचे ते अजून सुचलेले नाही.

१४ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीनंतर काम पुन्हा सुरू. कार्डशीटचे चार तुकडे जोडून त्यावर क्रमांक २ ला आडवे झोपवून पूर्ण आकाराची बाह्यरेषा काढली. चेतातंतूंसाठी पिवळी लोकर, ॲड्रेनलिनच्या वाटेसाठी लाल.

‘काळजाचा ठोका चुकणे’ आज जागेवर लागला. ॲड्रेनलिनच्या प्रभावाखाली हृदयाचा एखादा ठोका वेळेआधीच पडतो; तोवर हृदय पुरते भरलेले नसल्याने तो जाणवत नाही. त्यानंतर किंचित लांब विराम येतो आणि पुढचा ठोका जास्त भरलेल्या हृदयाचा, म्हणून दणक्यात बसतो. ठोका खरे तर चुकत नाही, आधी येऊन जातो. ‘डोळे विस्फारणे’ यातही दोन घटना आहेत. बाहुली मोठी होते ती वेगळी, आणि वरच्या पापणीतला एक लहानसा अनैच्छिक स्नायू पापणी वर ओढून धरतो ती वेगळी. ‘अंगावर काटा’ येतो तेव्हा प्रत्येक केसाच्या मुळाचा इवलासा स्नायू आखडतो. मांजर त्यामुळे दुप्पट मोठे दिसते, आपल्याला त्याचा काही लाभ उरलेला नाही.

२३ नोव्हेंबर

क्रमांक ४ च्या आजोबांनी आज शाळेत येऊन आपला अनुभव सांगितला आणि आमच्या प्रकल्पाचे नावच बदलून गेले.

आमचा जुन्नर तालुका. उसाच्या फडात बिबट्या असणे हे इथे रोजचे आहे, आणि शेतीची वीज रात्री येते त्या आठवड्यात पाणी द्यायला रात्रीच जावे लागते. दोन वर्षांपूर्वी आजोबा कांद्याचे बारे बदलत असताना बॅटरीच्या उजेडात बांधावर दोन डोळे चमकले. अंतर फार तर पंधरा पावले. मुलांनी विचारले, मग तुम्ही पळालात का? आजोबा म्हणाले, “पळावं म्हणलं तर पाय उचलंना, वरडावं म्हणलं तर आवाज फुटंना. आन् छाती धडधडत नव्हती पोरांनो, थांबल्यागत झाली होती. त्याच्याकडं नुसतं बघत हुभा राहिलो.” बिबट्या फडात निघून गेला. त्यानंतर त्यांची छाती धडधडू लागली, पाय इतके लटपटले की बांधावरच बसावे लागले. घरी आल्यावर सुनेने पायाकडे बोट दाखवले तेव्हा त्यांना कळले की तळपायात बाभळीचा काटा पार आत गेला होता आणि पायताण रक्ताने भरले होते. काटा कधी मोडला ते त्यांना आजही सांगता येत नाही.

यातली एकही गोष्ट लढण्यात किंवा पळण्यात बसत नाही. धोका दिसला पण अजून अंगावर आलेला नाही, अशा टप्प्यावर अनेक प्राणी, आणि माणूसही, जागच्या जागी थिजतात. मध्यमस्तिष्कातील करड्या पेशींचा एक पट्टा हे थिजणे घडवून आणतो. त्या वेळी अनुकंपी तयारी चालूच असते, पण व्हेगसचा कासराही जोरात आवळला जातो, त्यामुळे हृदयाची गती काही क्षण उलट उतरते. आजोबांची छाती ‘थांबल्यागत’ झाली ती तशी. बांधावर लटपटलेले पाय हे कासरा सुटल्यानंतरच्या ॲड्रेनलिनचे, कारण ते स्नायूंच्या बीटा ग्राहींवर काम करून कापरे भरवते. आणि काट्याचे भान नसणे हाही प्रतिसादाचाच भाग आहे, कारण संकटात मेंदू मज्जारज्जूतच वेदनेचे दार ओढून घेतो आणि मेंदूतली स्वतःची अफूसारखी रसायने त्यात मदत करतात. थिजण्याला अर्थ आहे. शिकारी प्राण्याचे लक्ष हालचालीकडे जाते, आणि बिबट्यासमोर पळू नये असे इथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. आजोबांना मात्र आपण त्या रात्री भेकडासारखे वागलो असे ही दोन वर्षे वाटत होते. क्रमांक ४ ने आपली आकृती उलगडून मध्यमस्तिष्कावर बोट ठेवले आणि त्यांना सगळे समजावून सांगितले. ते बराच वेळ त्या आकृतीकडे पाहत होते.

ते गेल्यावर आम्ही यादी पुन्हा काढली. बोबडी वळणे, दातखीळ बसणे, पाय जमिनीला खिळणे, थिजणे, गर्भगळित होणे: यांना आम्ही आजवर ‘इतर’ म्हणून मागच्या पानावर ढकलले होते, कारण कॅनन यांच्या जोडीत ते बसत नव्हते. आपल्या भाषेत थिजण्याला इतके शब्द आहेत आणि आम्ही ते बाजूला ठेवले, कारण इंग्रजीतल्या नावात तिसरा शब्द नव्हता. ही चूक माझी, मुलांची नव्हे. तक्त्याचा मथळा आता ‘लढा, पळा, की थिजा?’ असा आहे.

१ डिसेंबर

तक्त्याच्या उजव्या कडेला दुसरी, संथ साखळी लहान अक्षरांत दाखवली: अधश्चेतक, त्याखाली पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथी, तिच्याकडून अधिवृक्क ग्रंथीच्या बाहेरच्या थराला आदेश, आणि तिथून कॉर्टिसॉल. याचे रक्तातले प्रमाण वीस ते तीस मिनिटांनी शिगेला पोचते, म्हणजे बिबट्या गेल्यानंतर; खर्ची पडलेली साखर व इंधन भरून काढणे आणि पुढे प्रतिसादाला आवर घालणे ही त्याची कामे. ताणाचे अभ्यासक हान्स सेल्ये यांनी १९३६ साली दाखवले की ताण दीर्घकाळ राहिला तर उंदरांची ही ग्रंथी सुजते, जठरात व्रण होतात. आमच्याकडे कॉर्टिसॉल मोजण्याचे साधन नाही, त्यामुळे हा भाग मोजलेला नसून वाचलेला आहे, असे तक्त्यावर लिहिले.

१२ डिसेंबर

प्रदर्शन. परीक्षकांसमोर बोलण्याचे काम क्रमांक ३ ने स्वतःहून मागून घेतले होते. सकाळी दालनात तिची बोटे तेहतीस अंशांवर होती. ती नोंद तिने पाटीवर खडूने लिहून ठेवली. परीक्षक आले तेव्हा तिने नमस्कार करून तापमापक स्वतःच्या चिमटीत धरला आणि बोलायला सुरुवात केली. पहिल्या वाक्याला तिचा आवाज कापरा होता. अमिग्डालापासून पिवळ्या लोकरीवरून बोट फिरवत ती गुच्छिकांपर्यंत, तिथून जठरापर्यंत आली, गोळ्याची गोष्ट सांगितली, कासऱ्याची सांगितली, आजोबांची सांगितली. मग तिने तापमापक परीक्षकांसमोर धरला. अठ्ठावीस अंश. “सर, हे माझंच आत्ताचं आहे,” ती म्हणाली, “आणि ऑक्सिमीटर लावला तर रेघा येतील.” त्यांनी लावायला सांगितले. रेघा आल्या. त्यांनी आपल्या हातातला कागद खाली ठेवला आणि तिची नाडी मनगटावर मोजू लागले.

दहा मिनिटांनी, ते पुढच्या दालनाकडे गेल्यावर, तिने पाटीवर तिसरा आकडा लिहिला: एकतीस. चौथा आकडा तेहतीस झाल्यावर लिहायचा म्हणून ती तापमापक धरून तिथेच बसून होती.